स्विरा: वाऱ्याच्या गावातलं जागरण

माझा लेक बास गिटार वाजवतो. दीड वर्षापूर्वी एका रात्री त्याने माझ्या कानांना हेडफोन लावला आणि म्हणाला, "आई, हे ऐक आणि सांग कुठलं असेल." खोल घुमणारं एक तंतुवाद्य, त्यावर लोखंडाचा खणखणाट, आणि एकाच्या हाकेला चारपाच गळ्यांची साथ. मी म्हटलं, "गोंधळी आहेत, पण आपल्याकडचे नाहीत."

ते मोरोक्कोचे ग्नावा होते, म्हणजे तिथल्या रात्रभराच्या विधींत गाणारे-वाजवणारे लोक, आणि गात होता एसाविरा गावचा महमूद गिनिया. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. या फेब्रुवारीत आम्ही मायलेक जाऊन आलो. व्हिसा ऑनलाइन मिळाला, मुंबईहून आखाती देशात विमान बदलून कासाब्लांका, तिथून रेल्वेने मराकेश. सगळं सुरळीत झालं, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही.

दिवस पहिला, बुधवार: मराकेश

संध्याकाळी जमा अल-फना चौकात पोहोचलो तेव्हा खाण्याचे ठेले लागत होते आणि सगळीकडे धूर होता. गारुडी, गोष्टी सांगणारे, मेंदी काढणाऱ्या बायका, संत्र्याच्या रसाच्या गाड्या. एका कोपऱ्यात कवड्या शिवलेल्या टोप्या घातलेले पाचसहा ग्नावा उभे होते. टोपीला लांब गोंडा, आणि मान अशी फिरवायची की तो गोंडा डोक्याभोवती चक्रासारखा गरगरत राहतो. हातात लोखंडी क्राकेब, म्हणजे मोठ्या चिपळ्या. कवड्या बघून मला आराध्यांच्या गळ्यातली माळ आठवली आणि मी तिथेच थांबले.

लेक मात्र खट्टू झाला. त्याला गिंब्री, म्हणजे ते खोल घुमणारं तंतुवाद्य, ऐकायची होती, आणि त्या गलक्यात गिंब्रीचा आवाज कुणाला ऐकू येणार? त्यांच्यातल्या एका पांढऱ्या दाढीच्या माणसाने लेकाची मोडकी फ्रेंच समजून घेतली आणि सांगितलं, "इथे आम्ही पोटासाठी वाजवतो. गिंब्री ऐकायची तर स्विराला जा, आणि रात्री ऐक." एसाविराला तिथली माणसं स्विरा म्हणतात.

जाणाऱ्यांसाठी: चौकात फोटो किंवा व्हिडिओ काढला की पैसे द्यायचे असतात, आणि ते योग्यच आहे, तो त्यांचा धंदा आहे. दहावीस दिरहमची सुटी नाणी-नोटा वेगळ्या खिशात ठेवा. एक दिरहम साधारण नऊ-दहा रुपयांना पडतो आणि तो तिथे गेल्यावरच घ्यायचा. फेब्रुवारीत दुपारी ऊन छान असतं, पण सूर्य बुडाला की स्वेटर लागतो.

दिवस दुसरा, गुरुवार: वारा

मराकेशहून बसने तीन तास. वाटेत आर्गनची झाडं दिसायला लागतात, काटेरी, बुटकी, आपल्या बोरीसारखी. फांद्यांवर चढलेल्या शेळ्याही दिसतात. शेळ्या आर्गनवर चढतात हे खरंच आहे, पण अगदी रस्त्याकडेच्या झाडावर ओळीने उभ्या असलेल्या शेळ्या पर्यटकांसाठी चढवलेल्या असतात. आम्ही उतरलो नाही.

गावात पाय ठेवला आणि माझी ओढणी गेली. एक झोत आला आणि ती बसथांब्याच्या भिंतीवरून पलीकडे. अटलांटिकवरून येणारा हा वारा इथे जवळजवळ रोज असतो, उन्हाळ्यात तर आणखी जोरात. गावाच्या गल्ल्या आडव्या-उभ्या सरळ आखलेल्या आहेत, मोरोक्कोच्या इतर जुन्या गावांसारख्या वळणावळणाच्या नाहीत. अठराव्या शतकात सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्ला याने हे बंदर एका फ्रेंच इंजिनिअरकडून आखून बांधवून घेतलं. तेव्हाचं युरोपीयांच्या तोंडचं नाव मोगादोर. सहारा ओलांडून टिंबक्टूकडून येणाऱ्या तांड्यांचा माल इथून जहाजावर चढायचा. सोनं, हस्तिदंत, शहामृगाची पिसं. आणि त्याच वाटेने माणसंही विकायला आणली जायची.

बंदरावर निळ्या होड्यांची दाटी. आम्ही ताजे सार्डिन भाजून घेतले, वर फक्त मीठ आणि लिंबू. मी कोकणच्या आजोळची, माशाच्या बाबतीत सहज कौतुक करत नाही, पण त्या दुपारी बोटं चाटून खाल्लं. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. सकाळी बिसारा मिळतो, म्हणजे सुक्या बाकल्याचं घट्ट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. झालूक म्हणजे तर टोमॅटो घातलेलं वांग्याचं भरीतच. आणि अम्लू चुकवू नका: भाजलेले बदाम, आर्गनचं तेल आणि मध एकत्र वाटून केलेलं, भाकरीसारख्या जाड पावाला लावून खायचं.

संध्याकाळी तटबंदीच्या आतल्या बाजूला, वारा अडतो अशा एका कमानीखाली, ते भेटले. साठीचा बाप मांडीवर गिंब्री घेऊन बसलेला, दोन मुलगे आणि एक पुतण्या क्राकेब वाजवत उभे. समोर जमिनीवर टोपी. ऐकायला आम्ही दोघं, एक जर्मन जोडपं आणि मांजरं. लेक खाली फरशीवर बसला तो दीड तास उठला नाही. बोटांनी मांडीवर ताल धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, दादरा धरावा तर केरवा वाटतो आणि केरवा धरावा तर दादरा. हे कुठे आहेत तेच कळत नाही."

त्याची ती तगमग बापाने बघितली होती. वाजवणं संपल्यावर त्याने विचारलं, कुठले? इंडिया म्हटल्यावर धाकट्याने लगेच हिंदी सिनेमातलं एक गाणं अर्धं म्हणून दाखवलं. थोरल्याने टोपीतले पैसे मोजून खिशात घातले. आणि बाप म्हणाला, "उद्या शुक्रवार आहे. घरी कुसकुस असतो. या."

दिवस तिसरा, शुक्रवार: सी मालेमच्या घरी

मालेम म्हणजे उस्ताद. आपण गुरुजी म्हणतो तसं घरात आणि गल्लीत सगळे त्याला सी मालेम म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हटलं. त्याच्या बायकोला लल्ला म्हणायचं, हे लेकाने वाचून ठेवलं होतं.

घर जुन्या गावात, जिना इतका अरुंद की गिंब्री उभी धरून न्यावी लागते. भिंतींना समुद्राची ओल. मध्ये एका मोठ्या मातीच्या थाळीत सात भाज्यांचा कुसकुस, म्हणजे वाफवलेला गव्हाचा रवा, आणि सगळे एकाच थाळीत, पण प्रत्येकजण आपापल्या समोरच्या भागातून खाणारा. लल्ला आपल्या बाजूचा भोपळा आणि चणे सारखे माझ्याकडे सरकवत होत्या. माझ्या आजीचा हात असाच चालायचा.

जेवणानंतर सी मालेमने गिंब्री लेकाच्या मांडीवर दिली. मी जवळून बघितली. एकाच लाकडी ओंडक्याचं पोखरून केलेलं लांबट, होडीसारखं पोट. त्यावर उंटाच्या मानेचं कातडं ताणून बसवलेलं, बोटांचा मार जिथे बसतो तिथे ते काळं पडून गुळगुळीत झालेलं. तीन तारा, बोकडाच्या आतड्याच्या, त्यातली एक आखूड. खुंट्या नाहीत. दांडीवर चामड्याच्या वाद्या आवळलेल्या आहेत, त्या वरखाली सरकवून स्वर लावायचा. दांडीच्या टोकाला पत्र्याचं एक पान खोचलेलं आणि त्याला बारीक कड्या, त्या प्रत्येक आघाताबरोबर छन्न करतात. या गावात ओलीमुळे कातडं सैल पडतं. वाजवण्याआधी थोरल्याने ते शेगडीवर धरलं, तळहाताने चाचपलं, पुन्हा धरलं. आपल्याकडे हलगी शेकतात अगदी तशी.

लेकाने वाजवायला सुरुवात केली. त्याची बोटं तयार आहेत, सूर भराभर यायला लागले. सी मालेम थोडा वेळ ऐकत राहिला, मग त्याने हात पुढे करून तारांवर पंजा ठेवला. आवाज बंद. पंजा उचलला, एक सूर वाजवला आणि थांबला. बराच थांबला. मग दुसरा. लेकाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याच्या कुठल्याही परीक्षेच्या निकालाला पाहिलेलं नाही.

दुपारभर गप्पा झाल्या, फ्रेंच, खुणा आणि फोनवरचं भाषांतर यांच्या आधाराने. ग्नावा हे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेने टिंबक्टूकडचं सोंघाई राज्य मोडलं, तेव्हा माणसांचे लोंढे उत्तरेला आणले गेले. पुढे मौलाय इस्माइल या सुलतानाने (१६७२ ते १७२७) काळ्या गुलामांचं मोठं सैन्यच उभं केलं. गाण्यांत अजून बंबारा, हौसा भाषांतले शब्द आहेत. "सगळ्यांचा अर्थ मला येत नाही," सी मालेम म्हणाला. "पण बदलायचे नाहीत. आजोबांनी दिले तसे नातवाला द्यायचे." क्राकेबचा खणखणाट म्हणजे पायांतल्या साखळदंडांची आठवण, असं त्यांच्यात सांगतात.

आजोबा बंदरावर हमाली करायचे आणि सणावारी दारोदार वाजवत फिरायचे. लोक त्यांना बोलवायचे, कारण आजारी माणसाला यांच्या वादनाने उतार पडतो अशी श्रद्धा होती. पण पंगतीला बसवायचे नाहीत. हे तो सहज सांगून गेला आणि मला आवंढा गिळता येईना. आमच्या साताऱ्याकडच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालायला बाप, मुलगा, पुतण्या असे तिघं यायचे. संबळ, तुणतुणं, झांज. रात्रभर ते देवीला बोलवायचे, आणि सकाळी त्यांची पानं पडवीत मांडली जायची. मी स्वतः वाढलेलं आहे.

एसाविराच्या ग्नावांना जगाने ऐकलं त्याला अनेक घराण्यांचे कष्ट कारण आहेत, पण गिनिया घराणं त्यांत पुढे. बाप बुबकर मालेम, आई मुकद्दमा, म्हणजे ग्नावांचे रात्रभराचे विधी चालवणारी बाई, आणि महमूद, अब्दल्ला, मोख्तार हे तिघं भाऊ गिंब्रीचे उस्ताद. १९९४ मध्ये अमेरिकेचा जाझ सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स या गावात आला आणि महमूदबरोबर वाजवून गेला, ती ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते. २०१४ मध्ये फ्लोटिंग पॉइंट्स आणि जेम्स होल्डन हे इंग्लंडचे इलेक्ट्रॉनिक संगीतकार त्याच्याबरोबर वाजवायला मोरोक्कोत आले. महमूद २०१५ मध्ये गेला. त्याचा मुलगा हुसाम आता गिंब्री घेऊन देशोदेशी जातो. इथला ग्नावा महोत्सव १९९८ पासून भरतो, हल्ली बहुधा जूनमध्ये, आणि त्यातल्या चौकांतल्या मैफली फुकट असतात. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने ग्नावा परंपरा आपल्या यादीत घेतली.

सी मालेमचा थोरला मुलगाही दोन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये वाजवून आला. मी विचारलं, कसं वाटलं? त्याने विचार करून सांगितलं, "लोक खूप चांगले. शांत बसून ऐकतात. पण चाळीस मिनिटं देतात. चाळीस मिनिटांत आमचं दारही उघडत नाही."

कोपऱ्यात नऊ वर्षांची नात एक छोटी गिंब्री घेऊन बसली होती. मुलींनी गिंब्री धरायची नाही असा रिवाज होता. कासाब्लांकाची अस्मा हमझावी ही एका मालेमचीच मुलगी, ती वडिलांकडून शिकली आणि आता स्वतःचा बायकांचा ताफा घेऊन मंचावर बसते. या पोरीने तिला फोनवर बघितलं आणि हट्ट धरला. सी मालेमने आधी नाही म्हटलं होतं. मग स्वतःच लाकूड पोखरायला बसला.

निघताना घरातल्या म्हातारीने, म्हणजे सी मालेमच्या आईने, माझं मनगट धरलं. त्या मुकद्दमा आहेत. उद्या गावात एका घरी लीला होती, आणि रमजानच्या आधीचा शाबान महिना हा लीलांचा हंगाम. लीला म्हणजे त्यांच्या बोलीत रात्र, आपल्या लीलेशी त्याचा काही संबंध नाही. म्हातारी नातवाकडून मला विचारत होती: "सकाळपर्यंत असतं. जागी राहशील?"

दिवस चौथा, शनिवार: रात्र

दिवसा झोपून घेतलं. यजमान घराची परवानगी सी मालेमने आधीच काढली होती. ही गोष्ट महत्त्वाची: पैसे घेऊन लीला दाखवतो म्हणणारे गल्लीत भेटतात. लीला हा कुणाच्या तरी घरचा धार्मिक विधी असतो. बोलावणं असेल तरच जा, साधे अंगभर कपडे घाला, यजमानांसाठी साखर किंवा खजूर न्या. फोन आम्ही खोलीवरच ठेवून गेलो.

सुरुवात रस्त्यावर होते. मोठे ढोल गळ्यात अडकवलेले, एका हातात सरळ काठी, दुसऱ्यात आकड्यासारखी वाकडी. वाकडी काठी बघून मी लेकाचा दंड दाबला. संबळाचीही एक काठी अशीच वाकडी असते. पुढे पेटत्या मेणबत्त्या घेतलेल्या बायका. आमच्याकडे तिथे दिवटी असते. खजूर आणि दूध वाटलं जात होतं. खिडक्या उघडत होत्या, बायका जिभेने लांब किलकाऱ्या देत होत्या, आणि ती मिरवणूक इतकी सावकाश सरकत होती की शंभर पावलांच्या गल्लीला तास लागला. या रस्त्यानेच ग्नावांना सगळं दिलं, हे मला तिथे कळलं. मिरवणुकीशिवाय आत काही सुरूच होत नाही.

आत गेल्यावर मला बायकांत बसवलं, लेकाला वादकांच्या मागे. आधी बराच वेळ नाच आणि खेळ, हसणं, एकेका वादकाने पुढे येऊन पावलं टाकणं. हा भाग पाहुण्यांचा. मग मध्यरात्री चहा झाला, धूपाची थाळी आली, रंगीत कापडांची परडी आली, आणि खोली बदलली.

आपले गोंधळी तुळजापूरच्या भवानीला, जेजुरीच्या खंडोबाला, कोल्हापूरच्या अंबाबाईला एकेक करून गावाच्या नावाने बोलावतात ना, तसं इथे एकेका शक्तीला तिच्या रंगाने, तिच्या धूपाने आणि तिच्या चालीने बोलावतात. पांढरा. मग सिदी मूसाचा निळा, तो समुद्राचा. सिदी हम्मूचा लाल. लल्ला मीराचा पिवळा. ज्या बाईला ज्याचा ओढा तिच्या डोक्यावर म्हातारी त्या रंगाचं कापड टाकायची, आणि ती उठायची. माझ्या शेजारची एक शिक्षिका, जी थोड्या वेळापूर्वी मला आपल्या शाळेचे फोटो दाखवत होती, निळ्या रंगाला उठली. हात पाण्यात फिरवल्यासारखे हलत होते. सी मालेमची नजर तिच्यावरून क्षणभरही हलली नाही. ती वेग वाढवेल तसा तो वाढवायचा, ती थकली की हळू. ती खाली बसेपर्यंत त्याने चाल सोडली नाही. चाळीस मिनिटांचं म्हणणं तेव्हा मला नीट समजलं. एका माणसाला परत आणायला लागेल तितका वेळ लागतो, तो आधी कसा सांगणार?

त्या बायकांबद्दल मी इथे याहून जास्त लिहिणार नाही. त्या मला बघायला म्हणून बसू देत नव्हत्या, सोबत म्हणून बसू देत होत्या.

पहाटे म्हातारीने येऊन माझ्या तोंडाकडे वाकून बघितलं, मी जागी आहे याची खात्री केली, आणि मुठीत एक खजूर दिला.

दिवस पाचवा, रविवार: सिदना बिलाल

दुपारी उठलो. कपड्यांना धूपाचा वास. हरीराचे, म्हणजे टोमॅटो-कडधान्यांच्या सूपचे, दोन वाडगे पोटात गेल्यावर तटाच्या कडेने सिदना बिलालच्या झावियाकडे निघालो. झाविया म्हणजे आपल्याकडे दर्गा किंवा मठ म्हणू तसं ठिकाण. बिलाल हे प्रेषितांचे सोबती, गुलामगिरीतून सुटलेले हबशी, इस्लाममधले पहिले बांग देणारे. ग्नावा त्यांना आपलं मूळ मानतात. मोरोक्कोत मुस्लिमेतरांना बहुतेक मशिदी आणि झावियांत प्रवेश नसतो, त्यामुळे दाराबाहेरूनच हात जोडले.

तिथे मला आपल्याकडचे सिद्दी आठवले. सिद्दी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुरुडचा जंजिरा आणि तोफा येतात, इतिहासाचं पुस्तक तिथेच थांबतं. पण गुजरातेतल्या रतनपूरच्या बाबा गोरच्या दर्ग्यावर सिद्दी ढोल घेऊन धमाल घालतात, मलुंगा नावाचं धनुष्यासारखं वाद्य वाजवतात, आणि तेही बिलालचं नाव घेतात. आफ्रिकेच्या एका बाजूने माणसं मोरोक्कोत नेली गेली, दुसऱ्या बाजूने आपल्याकडे आणली गेली. मी तीनदा शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला गेले आहे. तिन्ही वेळा तोफांची लांबी विचारली. किनाऱ्यावरच्या सिद्दी घरांत काय गातात, हे एकदाही विचारलं नाही. आता जायचं आहे, लेकाला घेऊन.

सोमवारी सकाळची बस. थांब्यावर धाकटा आला होता, आजीने पाठवलेली अम्लूची बाटली घेऊन. हातसामानात नेऊ नका, तेल म्हणून विमानतळावर काढून घेतात. आमची गेली.

घरी

आल्यावर चौथ्या दिवशी मी गावच्या गोंधळ्यांना फोन लावला. पूर्वी येणाऱ्यांचा नातू आता काम बघतो. म्हटलं, पुतणीचं लग्न आहे, गोंधळ घालायचा आहे, आणि तुम्ही सगळ्यांनी आमच्याबरोबर एका पंगतीला बसायचं. तो जरा थांबला. मग म्हणाला, "बसू की, आक्का. कितीचा ठेवायचा? हल्ली दोन तासांत आटोपतात, हॉल सोडायचा असतो."

"रात्रभराचा."

"रात्रभराचा आमच्या बापाला येतो पूर्ण. त्याला आणतो. पण तुम्ही आधी घरच्यांना विचारून घ्या, जागी राहतील का."